जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर न मोडता कसा काढायचा

तुमच्याकडे आयशरचा जुना एअर-कूल्ड इंजिनाचा ट्रॅक्टर असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. त्याला रेडिएटरच नसतो, तो वाऱ्यावर गार होतो. बाकी आपण सगळे पाण्याचे गिऱ्हाईक.

आमचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा, वडिलांनी घेतलेला. नगर जिल्ह्यात शेवगावच्या बाजूला शेत. दिवाळीनंतर उसाची ट्रॉली, उन्हाळ्यात नांगरट, मधल्या काळात सगळ्या गावाची पेरणी. त्याचा रेडिएटर मी आजवर चार वेळा उतरवला. पहिल्यांदा उतरवला तेव्हा तो गळत नव्हता, नुसता साफ करायचा होता. उतरवल्यावर गळायला लागला. खालचा होज (रेडिएटर इंजिनाला जोडणारा रबरी पाइप) निघेना म्हणून मी पाइप पाना लावून पिळला. होज फिरला, आणि त्याच्याबरोबर आतली पितळी नळीही फिरली. ‘टक’ असा बारीक आवाज आला, एवढंच. वडील बांधावर उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त चप्पल घालून घराकडे गेले.

रेडिएटर शेतात जेवढे खराब होतात त्याहून जास्त ते उतरवताना मोडतात, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. काम तसं अवघड नाही. चार-सहा बोल्ट, दोन होज, दोन-तीन तास. पण जुन्या रेडिएटरची जाळी तांब्याची, टाक्या पितळेच्या, आणि हे सगळं एकमेकांना सोल्डरने चिकटवलेलं असतं. ट्रॅक्टरवर बाकी सगळं ओतीव लोखंड, त्यामुळे आपला हातही तसाच पडतो. तो हात इथे चालत नाही. जिथे होज बसतो त्या पितळी नळीच्या टोकाला मी पुढे तोटी म्हणेन. दोन तोट्या आणि जाळीची बारीक पाती, एवढं सांभाळलं की जिंकलात.

आधी बघा, उतरवायची गरज आहे का

ट्रॅक्टर तापला की गावातला प्रत्येक जण सांगतो, ‘रेडिएटर चोक झालाय.’ बऱ्याचदा तसं नसतं. पाने बाहेर काढण्याआधी एवढं तपासा.

बॉनेट उघडून बॅटरी टॉर्च जाळीच्या एका बाजूला धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. उजेड दिसत नसेल तर बाहेरून कचरा बसलाय. उसाचं पाचट, कापसाची बोंडं, गव्हाचा भुसा, त्यावर डिझेलचा आणि ऑइलचा चिकटा. आमच्याकडे एकदा कुंभारीण माशीची मातीची घरटी निघाली, एकाला एक लागून सात. बऱ्याच ट्रॅक्टरांत हे रेडिएटर न उतरवता साफ होतं. पुढची लोखंडी जाळी काढायची आणि पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारायची. पुढून मारली तर कचरा आणखी आत जाऊन बसतो.

मग फॅन बेल्ट. सर्वांत लांब पट्ट्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. हातभर दबत असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही आळशी झालेत.

खालचा होज बघा. पंप त्यातून पाणी ओढतो. होज जुना होऊन मऊ पडला, किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली, की रेस वाढवल्यावर तो चपटा होतो. ट्रॅक्टर उभा असताना सगळं ठीक दिसतं आणि नांगराला लावला की तापतो, तेव्हा पहिला संशय मी यावर घेतो. मात्र हे बघताना सदऱ्याची बाही आणि गळ्यातला गमछा पंख्यापासून लांब ठेवा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून दोऱ्याला बांधा, पातेल्यात पाण्यात सोडा आणि गॅसवर ठेवा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतात. पाणी उकळलं तरी तोंड मिटलेलंच असेल तर दोषी सापडला. (कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि ‘आता कधी तापणार नाही’ म्हणून सांगतात. मग इंजिन कायम गारठलेलं चालतं, डिझेल जास्त खातं आणि लाइनर-पिस्टन लवकर झिजतात. खराब झाला तर नवा टाका, रिकामी जागा ठेवू नका.)

शेवटची तपासणी हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधल्या पॅकिंगची. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. पण ते थांबतच नसतील, रेस वाढवली की वाढत असतील, किंवा डिपस्टिकवर ऑइलऐवजी दुधाळ साय दिसत असेल, तर रेडिएटर उतरवून काही उपयोग नाही. ते हेड उघडायचं काम आहे.

मग उतरवायचा कधी? जाळीतून किंवा टाकीच्या सांध्यातून पाणी गळतंय, आतल्या नळ्या क्षाराने बुजल्यात, किंवा पाण्याचा पंप काढायला जागाच मिळत नाही. नळ्या बुजल्याची एक खूण सांगतो. ट्रॅक्टर तापल्यावर बंद करा आणि जाळीला न चिकटता तळहात तिच्यासमोरून फिरवा. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथून पाणी जात नाही. आमच्या भागात बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच ओतलं की आत अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर बसतो.

पाने कोणते

नवीन माणूस इथे हमखास फसतो. आपले जुने ट्रॅक्टर वेगवेगळ्या देशांच्या डिझाइनवरून आले. इंटरनॅशनल बी-२७५ आणि मॅसी फर्ग्युसन ही मुळात इंग्लंडात बनलेली घराणी, म्हणून त्यांच्या जुन्या गाड्यांवर इंची बोल्ट भेटतात. एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला बनवलेला झेटर २५११ चेकोस्लोव्हाकियाचा, तो मिलीमीटरचा. त्यात आपल्या ट्रॅक्टरच्या बोल्टांचं गेल्या तीस-चाळीस वर्षांत बाजारात मिळेल त्या मापाने पुनर्वसन झालेलं असतं. म्हणून दोन्ही सेट जवळ ठेवा. १९ चा पाना ३/४ इंचाच्या नटाला छान बसतो. पण १/२ इंचाला १३ चा लावला तर थोडा ढिला राहतो, आणि गंजलेला नट असेल तर तिथेच त्याची डोकी गोल होतात. ९/१६ ला १४ चा बसतच नाही, हातोडीने ठोकून बसवू नका.

बाकी सामान घरचंच. रिंग पाने आणि गोटी पाने, मोठा आणि लहान स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, धारदार कटर, पंधरा लिटरचं घमेलं किंवा प्लॅस्टिकचा टब, एक रिकामा कॅन, बारदान, जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा, तारेचा एक हात लांब तुकडा, आणि नट-बोल्ट ठेवायला झाकण असलेला डबा. थाळी नको, एक शेळी आली की संपलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नसेल तर डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून ब्रशने लावा, फक्त रबराच्या होजवर सांडू देऊ नका. गॅसची ज्योत मात्र रेडिएटरजवळ आणायची नाही. नांगराच्या फाळाचा बोल्ट तापवून सोडवतो तसा इथे सोडवायला गेलात तर सोल्डर तीनशे अंशांच्या आतच वितळतं आणि टाकी जाळीपासून सुटते.

गार होऊ द्या

ट्रॅक्टर सपाट जागी लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. आणि मग थांबा. मी तर रात्रभर उभा ठेवतो आणि सकाळी हात घालतो.

झाकणाबद्दल हसण्यावारी नेऊ नका. जुन्या ट्रॅक्टरचं झाकण साधारण ७ पीएसआय दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी ११०-११२ अंशांला उकळतं. म्हणजे आत १०५ अंशांचं पाणी शांत बसलेलं असू शकतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून वर येतं, थेट तोंडावर. आमच्या शेजारच्या वस्तीवर ड्रायव्हरच्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी अशीच गेली. कारखान्याच्या रांगेत ट्रॉली उभी होती आणि त्याला घाई होती. गार झालंय अशी खात्री असली तरी झाकणावर बारदान टाका, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग दाबून पूर्ण काढा.

बॅटरी, फोटो, बॉनेट

बॅटरीची अर्थची वायर आधी काढा. म्हणजे चासीला जाते ती, मग ती प्लस असो की मायनस. जुन्या डायनमोवाल्या काही इंग्लिश गाड्यांत प्लस अर्थ असते, तेव्हा रंगावर विसंबू नका, वायर कुठे जाते ते बघा. काही मॉडेलमध्ये बॅटरी रेडिएटरच्या पुढेच बसलेली असते. तिथे ती उचलून बाजूला ठेवावीच लागते, आणि तिच्याखालचा पत्रा आम्लाने खाल्लेला निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता मोबाइलवर फोटो. डावीकडून, उजवीकडून, वरून. होजची क्लिप कोणत्या दिशेला होती, वायर पंख्याच्या कुठून गेली, एअर क्लिनरचा पाइप कशावरून वळला. दोन दिवसांनी बसवायला घ्याल तेव्हा सगळं आठवेल असं वाटतं, आणि आठवत नाही.

बॉनेट पुढच्या बाजूला कलंडणारं असेल तर हेडलाइटच्या वायरी सोडवून बिजागरीच्या पिना काढा आणि दोघांनी उचलून भिंतीला टेकवा. नुसतं कलंडवून काम करता येतं, पण वारा सुटला की ते डोक्यावर येतं.

इथे एक बारीक तांब्याची नळी सांभाळा. जुन्या गाड्यांत टेम्परेचर मीटर विजेवर चालत नाही. इंजिनाच्या हेडपासून डॅशबोर्डपर्यंत केसासारखं भोक असलेली नळी जाते आणि आत भरलेल्या द्रवाच्या दाबावर काटा हलतो. ती वाकून चिरली की मीटर कायमचा मेला, जोड देता येत नाही. तिचा वेटोळा करून बाजूला दोरीने बांधा.

पाणी सोडणं

झाकण काढून ठेवा, नाहीतर पाणी गुडगुड करत अर्धा तास घेईल. रेडिएटरच्या खालच्या टाकीला पितळी ड्रेन कॉक असतो. तो उघडल्यावर पाणी आलं नाही तर घट्ट पिळत बसू नका. क्षाराने भोक बुजलंय, खालून तार घाला. असाच दुसरा कॉक किंवा प्लग इंजिन ब्लॉकला बाजूने असतो. नवीन लोक तो विसरतात, मग होज काढल्यावर चार लिटर पाणी बुटात. या मापाच्या ट्रॅक्टरमध्ये एकूण पाणी आठ-दहा लिटर असतं. घमेल्यात तेवढं आलं का बघा.

पाण्याऐवजी कुलंट (इंजिन गार ठेवायचं रंगीत द्रावण) घातलेलं असेल तर जमिनीवर सोडू नका. हिरवं असो की गुलाबी, बहुतेकांत इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं म्हणून कुत्री आणि वासरं चाटतात, आणि थोडंही पोटात गेलं तर किडनी जाते. लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावा.

पाण्याचा रंगही बघा. तपकिरी असेल तर गंज ब्लॉकमधून येतोय. वर तेलाचा तवंग असेल तर वर सांगितलेल्या हेड गॅसकेटकडे परत जा.

होज: इथेच सगळं ठरतं

क्लिप पूर्ण ढिली करून होजच्या मधल्या भागात सरकवा. मग होज हाताने, फक्त हाताने, हलकासा डावी-उजवीकडे फिरवून बघा. निघाला तर उत्तम. वर्षानुवर्षं बसलेला होज मात्र तोटीला डिंक लावल्यासारखा चिकटतो. इथे पाइप पाना नको, मोठी पक्कड नको, दोघांनी मिळून ओढणं तर नकोच. तोटी टाकीला फक्त सोल्डरच्या एका कड्याने धरून असते. तुम्ही होज पिळता तेव्हा सगळा पीळ त्या कड्यावर जातो.

त्याऐवजी लहान स्क्रू ड्रायव्हरचं टोक होज आणि तोटी यांच्या मधे हळूच सरकवा आणि गोल फिरवत नेत चिकटा सोडवा. सुटत नसेल तर कटर घ्या आणि होज लांबीच्या दिशेने उभा चिरा. वरच्या तोंडापासून सुरू करा, पातं तोटीवर दाबू नका. रबर बहुतेक कापा, शेवटचा पापुद्रा बोटांनी फाडा. पितळावर चरा पडला तर पुढे तिथूनच ठिबकतं. चिरलेला होज गेला म्हणून जीव हळहळतो, मलाही हळहळला होता. पण दोन होजची किंमत आणि रेडिएटरची किंमत एकदा दुकानात शेजारी शेजारी विचारून बघा. तसाही इतका चिकटलेला होज परत बसवायच्या लायकीचा नसतो.

खालचा होज काढताना पंपाच्या बाजूने सोडवायला सोपा जात असेल तर तिकडून सोडवा आणि रेडिएटरबरोबर वर उचला. पंपाची तोटी ओतीव असते, ती पिळ सोसते.

पंखा आणि जाळीच्या मधली जागा

पंखा आणि जाळी यांच्यात बोटभरच अंतर असतं. तिथे पुठ्ठा सरकवा. रेडिएटर वर येताना जरा तिरका झाला की पंख्याचं पातं जाळीत घुसतं आणि एका फटक्यात चार नळ्या चिरतात. पंख्याभोवती पत्र्याचं कव्हर असेल तर त्याचे बोल्ट काढून ते मागे पंख्यावर लोटून ठेवा. जागा फारच कमी असेल तर बेल्ट सैल करून पंख्याचे चार बोल्ट काढा. पण पंख्याच्या रेडिएटरकडच्या बाजूला खडूने खूण करा. उलटा बसला तर तो फिरतो झकास, वारा नीट ओढत नाही, आणि तुम्ही महिनाभर रेडिएटरला शिव्या देता.

पॉवर स्टीअरिंगची गाडी असेल तर पुढे तेलाची छोटी जाळी जोडलेली असू शकते. शक्यतो तिचे पाइप न सोडता जाळी ब्रॅकेटसकट सोडवा आणि तारेने बाजूला टांगा.

बोल्ट आणि उचलणं

आता रेडिएटरला धरून ठेवणाऱ्या गोष्टी. वरून इंजिनाकडे जाणारी एक आडवी सळई किंवा पट्टी, बाजूला बॉनेटच्या फ्रेमचे बोल्ट, आणि खाली दोन मोठे नट. खालच्या नटांखाली वायसर आणि रबराच्या गाद्या असतात. त्यांचा क्रम फोटोत टिपा. या गाद्याच धक्के पितात. त्या चिरलेल्या असतील तर नव्या आणा, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला टाकीच्या सांध्यावर मार बसत राहतो.

आणि हे नीट ऐका. ट्रॅक्टरला जीपसारखी वेगळी चासी नसते. इंजिन हाच सांगाडा, आणि पुढचा ॲक्सल ज्या ओतीव ब्रॅकेटवर बसतो तो थेट इंजिनाच्या पुढच्या तोंडाला बोल्टांनी जोडलेला असतो. रेडिएटर त्याच ब्रॅकेटवर उभा असतो. खाली वाकून बघितलं की ते मोठमोठे बोल्ट दिसतात आणि नवीन माणसाला वाटतं, हेच काढायचे. ते सोडले तर ट्रॅक्टर पुढून दुभंगतो आणि तुमच्या अंगावर येतो. रेडिएटरचे नट त्या मानाने लहान असतात. शंका असेल तर खालच्या टाकीला लागलेली पट्टी बोटाने चाचपत या, ती ज्या नटापर्यंत नेईल तेवढाच सोडा.

सगळं सुटलं की दोन माणसं दोन बाजूंना. वजन फार नाही, दहा-बारा किलोच्या आसपास, पण पकडायला जागा नसते. बाजूच्या पट्ट्या आणि खालची टाकी धरा. तोटीला धरून उचलायचं नाही, झाकणाच्या तोंडाला धरून उचलायचं नाही, आणि जाळीवर बोटं रोवायची नाहीत. सरळ वर.

हलत नसेल तर पहार आणू नका. काहीतरी राहिलंय. नव्वद टक्के वेळा ती वरची सळई, हेडलाइटची एखादी वायर, ओव्हरफ्लोची बारीक रबरी नळी, किंवा गंजून ब्रॅकेटला चिकटलेली रबराची गादी. गादी असेल तर खालून लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोका.

बाहेर आला की बारदानावर उभा ठेवा. आडवा ठेवला तर ड्रेन कॉकवर वजन येतं. तोट्यांत चिंध्या कोंबा आणि इंजिनाच्या उघड्या तोंडांतही. उंदराला असलं बीळ फार आवडतं.

उतरवलाच आहे तर

बाहेरून धुताना पाणी कमी जोराचं हवं. गाड्या धुण्याच्या पंपाने जवळून मारलं तर पाती गवतासारखी आडवी होतात. आधी साबणाच्या पाण्यात भिजत ठेवा, मग पंख्याच्या बाजूने साधा पाइप. वाकलेली पाती बांबूच्या कामटीने सरळ करा. चहा पीत करायचं काम आहे हे, एका बैठकीत होत नाही.

आतल्या क्षारासाठी संडास साफ करायचं ॲसिड कोणी सुचवलं तर त्याचा नमस्कार घ्या आणि निघा. ते क्षाराबरोबर सोल्डर आणि पितळातलं जस्तही खातं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व बरं. दहा लिटर कोमट पाण्याला पाव ते अर्धा किलो, तीन-चार तास भरून ठेवा. फसफस थांबली की ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा. हे तांबं-पितळेच्या रेडिएटरसाठी सांगतोय. प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी असेल तर नुसतं पाणी. धुताना पाइप खालच्या तोटीला लावा, म्हणजे घाण उलटी निघते.

नळ्या तरीही मोकळ्या झाल्या नाहीत तर रेडिएटरवाल्याकडे. त्याला वरची टाकी काढून नळ्यांतून सळई फिरवायला सांगा आणि शेवटी पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब देताना स्वतः उभे राहा. बुडबुडे तुमच्या डोळ्यांनी बघा. दाब झाकणाच्या दाबाच्या फार पुढे नेऊ देऊ नका. आणि त्याने ‘हा संपला, नवा घ्या’ असं सांगितलं तर जुना त्याच्याकडे सोडून येऊ नका. तांबं-पितळेच्या भंगाराला चांगला भाव असतो, तो तुमचा आहे.

परत बसवताना

उलट क्रमाने, फोटो बघत. गाद्या आधी, खालचे नट हाताने लावून ठेवा, होज जोडून घ्या, आणि मग सगळं आवळा. नट आधी आवळले तर होज ताणात बसतो आणि त्याचा भार पुन्हा त्याच तोटीवर. होजच्या आत ग्रीस लावू नका, साबणाचं पाणी लावा. क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्यावर नाही.

भरायला बोअरचं पाणी नको. तयार कुलंट घ्या, किंवा डब्यावर दिलेल्या प्रमाणात कुलंट आणि बॅटरीचं किंवा आरओचं पाणी. पत्र्यावरून धरलेलं पावसाचं गाळलेलं पाणीही चालतं, आमच्याकडे त्यासाठी एक कॅन राखलेला असतो. हळू भरा. ब्लॉकचा कॉक उघडा ठेवून त्यातून सलग धार आली की बंद करा, म्हणजे आत हवा अडकत नाही. टाकी काठोकाठ नको, एखादा इंच मोकळी. झाकण न लावता हळू रेसवर चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा भर घाला आणि झाकण लावा. मधेच तापून पाणी उडालं असेल तर बंद करून गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

पहिल्या दिवशी नांगराला जुंपू नका, रिकामा गावातून फिरवून आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडून पातळी बघा, खाली पुठ्ठा ठेवला असेल तर त्यावर डाग पडलाय का बघा, आणि होजच्या चारही क्लिपा अर्धा-अर्धा आटा आवळून घ्या.